शून्य ब्रोकरेज आणि लेजरमधल्या बारीक नोंदी

ब्रोकर निवडताना बहुतेकजण एकच रकाना बघतात: डिलिव्हरीवर ब्रोकरेज किती? तिथे शून्य दिसलं की खातं उघडून मोकळे होतात. पण ब्रोकरकडे आपले पैसे दोन ठिकाणी कापले जातात आणि त्यातलं एकच ठिकाण आपल्या डोळ्यांसमोर असतं. पहिलं ठिकाण म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट, आपल्या व्यवहारांचं बिल. व्यवहार झाला की चोवीस तासांच्या आत ती ईमेलवर येते आणि बहुतेक ठिकाणी पॅन क्रमांक टाकला की उघडते. दुसरं ठिकाण म्हणजे लेजर, ब्रोकरकडचं आपलं खातेवहीचं पान. ते आपण होऊन उघडावं लागतं. विकलेले शेअर डीमॅटमधून बाहेर जाण्याचं शुल्क म्हणजे डीपी चार्ज, वार्षिक देखभाल शुल्क म्हणजे एएमसी, पैसे कमी पडल्याचं व्याज, शेअर गहाण ठेवण्याचं म्हणजे प्लेजचं शुल्क, हे सगळं लेजरमध्ये उतरतं. कॉन्ट्रॅक्ट नोटवर त्याचा पत्ता नसतो.

त्यामुळे "कुठला ब्रोकर स्वस्त?" या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. वर्षात तुमच्या किती ऑर्डरी होतात, एक ऑर्डर साधारण किती रुपयांची असते, विक्री किती वेळा करता आणि डीमॅटमध्ये किती रकमेचे शेअर पडून आहेत, या चार आकड्यांवर ते ठरतं. हे आकडे हातात असले की दहा मिनिटांत हिशेब होतो. इथे तो फक्त डिलिव्हरीचा, म्हणजे शेअर घेऊन ठेवणाऱ्याचा मांडला आहे. फ्युचर्स-ऑप्शन्सचं गणित वेगळं आहे आणि ज्याला ब्रोकरची तुलना करताना मदत लागते त्याने त्या वाटेला अजून जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ब्रोकर कुणीही असला तरी जे द्यावंच लागतं ते बाजूला काढू. एनएसईवर ५०,००० रुपयांचे शेअर घेतले असं धरा. सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजे एसटीटी, ०.१ टक्का: ५० रुपये. मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, तेही फक्त खरेदीवर: साडेसात रुपये. एक्सचेंजचं व्यवहार शुल्क लाखाला साधारण ३ रुपये, म्हणजे इथे दीड रुपया. बाजाराची नियामक असलेल्या सेबीचं शुल्क कोटीला १० रुपये, म्हणजे इथे ५ पैसे. जीएसटी १८ टक्के, पण तो एसटीटी आणि मुद्रांक शुल्कावर लागत नाही, फक्त ब्रोकरेज, व्यवहार शुल्क आणि सेबी शुल्कावर लागतो. ब्रोकरेज शून्य असेल तर तो २८ पैसे येतो. एकूण झाले सुमारे ५९ रुपये. तेच शेअर त्याच भावाने विकले तर मुद्रांक शुल्क नाही, बाकी सगळं तेच: सुमारे ५२ रुपये. म्हणजे जाऊन-येऊन १११ रुपये. यातला मोठा वाटा सरकारचा आहे आणि ब्रोकर बदलून त्यातला एक रुपयाही वाचत नाही.

आता त्यावर ब्रोकरचं. झिरोधासारख्या शून्य ब्रोकरेजवाल्याकडे विकताना डीपी चार्ज १५ रुपये ३४ पैसे लागतो आणि एकूण खर्च १२६ रुपयांच्या आसपास जातो. ऑर्डरमागे २० रुपये घेणाऱ्याकडे दोन्ही बाजूंचे मिळून जीएसटीसह ४७ रुपये २० पैसे वाढतात. टक्केवारीवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ब्रोकरकडे दर ०.५ टक्का असेल तर एका बाजूचे २५० अधिक जीएसटी ४५, म्हणजे दोन्ही बाजूंचे ५९० रुपये. डिस्काउंट ब्रोकर, म्हणजे वरचे पहिले दोन, आणि टक्केवारीचा ब्रोकर यांच्यातली दरी अशी मोठी आहे. दोन डिस्काउंट ब्रोकरांमधला फरक मात्र चहा-वड्याच्या खर्चाइतका असतो आणि तो कुठल्या बाजूला झुकेल हे तुमच्या सवयींवर ठरतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये या सगळ्यात एक मोठा बदल झाला, तो समजून घेतला तर आजची दरपत्रकं अशी का आहेत ते कळतं. त्याआधी एक्सचेंज उलाढालीच्या टप्प्यांनुसार ब्रोकरला व्यवहार शुल्कात सूट देत असे. ब्रोकर ग्राहकाकडून वरच्या टप्प्याचा दर घेई, एक्सचेंजला खालच्या टप्प्याचा भरी आणि मधला फरक स्वतःकडे ठेवी. ग्राहकाला "ब्रोकरेज शून्य" म्हणता येण्यामागे या फरकाचाही हात होता. सेबीने १ जुलै २०२४ च्या परिपत्रकाने ही पद्धत बंद केली: १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांना एकच दर, आणि ग्राहकाकडून जितकं घ्याल तितकंच एक्सचेंजला भरायचं. ती कमाई गेल्यावर दरपत्रकं हलायला लागली. एंजल वन या ब्रोकरने १ नोव्हेंबर २०२४ पासून डिलिव्हरीवर ब्रोकरेज सुरू केलं. झिरोधाने डिलिव्हरी शून्यच ठेवली. धडा एवढाच घ्यायचा की खातं उघडतानाचा दर कायमचा नसतो. दरबदलाचा ईमेल येतो, आणि तो आपण न वाचता पुसून टाकतो.

आजचे दोन मुख्य नमुने असे. पहिला झिरोधाचा: डिलिव्हरीवर ब्रोकरेज नाही, पण डीमॅटची एएमसी वर्षाला ३०० रुपये अधिक जीएसटी, दर तिमाहीला ८८ रुपये ५० पैसे याप्रमाणे कापलेली, एकूण ३५४. दुसरा ग्रोचा: एएमसी नाही, पण प्रत्येक ऑर्डरवर ०.१ टक्का किंवा २० रुपये यांतलं जे कमी ते, आणि किमान ५ रुपये.

त्या "किमान ५ रुपये"मध्ये खरी मेख आहे. समजा दर महिन्याला पाच कंपन्यांचे प्रत्येकी दोन हजारांचे शेअर घेता. दोन हजारांचा ०.१ टक्का होतो २ रुपये, पण कापले जातात ५. वर्षाच्या ६० ऑर्डरी, ३०० रुपये, जीएसटी धरून ३५४. हुबेहूब झिरोधाची एएमसी! म्हणजे पाच हजारांच्या आतल्या साठ खरेदी-ऑर्डरी हा दोन्हींचा बरोबरीचा बिंदू. त्याहून जास्त ऑर्डरी असतील तर शून्य ब्रोकरेजवाला स्वस्त, कमी असतील तर शून्य एएमसीवाला.

आता उलट बाजूचा माणूस घ्या. निवृत्त गृहस्थ, डीमॅटमध्ये २५ लाखांचे शेअर, वर्षातून चार वेळा एकेक लाखाची खरेदी. दुसऱ्या नमुन्यात चार ऑर्डरींचे २३ रुपये ६० पैशांप्रमाणे ९४ रुपये ४० पैसे होतात. पहिल्या नमुन्यात ३५४. इथे "शून्य ब्रोकरेज" जवळजवळ पावणेचारपट महाग पडलं. तेच गृहस्थ ०.५ टक्क्याच्या ब्रोकरकडे असतील तर चार लाखांच्या खरेदीवर २,००० अधिक ३६० देत असतील आणि बहुधा त्यांना ते माहीत नसेल, कारण कॉन्ट्रॅक्ट नोटवर रक्कम सगळ्या करांसकट एकत्र वाचली जाते. तुमच्या आई-वडिलांचं खातं वीस वर्षांपूर्वी बँकेत उघडलेलं असेल तर त्यांची एखादी कॉन्ट्रॅक्ट नोट नक्की उघडून बघा. ब्रोकरेजच्या ओळीतला आकडा घ्या, व्यवहाराच्या रकमेने भागा, शंभराने गुणा. आयसीआयसीआय डायरेक्ट, एचडीएफसी सिक्युरिटीज, कोटक अशा बँकांच्या ब्रोकरांकडे आता वेगवेगळे प्लॅन असतात, पण जुना ग्राहक आपोआप स्वस्त प्लॅनमध्ये जाईलच असं नाही. तो मागावा लागतो.

टक्केवारीवाल्यांकडे अजून एक गोष्ट तपासा: किमान ब्रोकरेज. "०.३ टक्के किंवा ऑर्डरमागे किमान २५ रुपये" अशी अट असेल तर हजार रुपयांच्या ऑर्डरवर अडीच टक्के गेले. एक्सचेंजच्या नियमाप्रमाणे ब्रोकरेजची वरची मर्यादाच अडीच टक्के आहे, म्हणजे छोट्या ऑर्डरीत तुम्ही थेट कमाल मर्यादेला भिडता.

एएमसी आणि बीएसडीए

वरच्या हिशेबात एक सवलत धरलेली नाही आणि नव्या गुंतवणूकदारासाठी तीच सगळ्यात कामाची. तिचं नाव बेसिक सर्व्हिसेस डीमॅट अकाउंट, बीएसडीए. १ सप्टेंबर २०२४ पासून डीमॅटमधली एकूण रक्कम ४ लाखांपर्यंत असेल तर एएमसी शून्य, ४ ते १० लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये अधिक जीएसटी आणि १० लाखांच्या वर नेहमीचा दर. दरमहा दहा हजार गुंतवणाऱ्याला ४ लाख गाठायला तीन वर्षांहून जास्त लागतात. तोवर शून्य ब्रोकरेजवाल्याकडे त्याची एएमसीही शून्य. तिथे साठ ऑर्डरींच्या बरोबरीचा प्रश्नच उरत नाही.

पण अट अशी की पहिला किंवा एकमेव खातेदार म्हणून तुमच्या नावावर एकच डीमॅट हवं, देशभरात, दोन्ही डिपॉझिटरी, म्हणजे शेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्था, मिळून. कॉलेजात असताना मित्राच्या रेफरल लिंकवरून उघडलेलं आणि कधीच न वापरलेलं एखादं खातं पडून असेल तरी सवलत जाते. अर्जात "पात्र" दिसूनही एएमसी कापली जात असेल तर पहिला संशय या विसरलेल्या खात्यावर घ्या. शोधायची सोपी जागा म्हणजे डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारं एकत्रित खातेपत्रक, कॅस. पॅनखालची सगळी डीमॅट खाती त्यात एकाखाली एक दिसतात. "फुकटात उघडा" म्हणणारं दुसरं खातं असं पहिल्या खात्याला ३५४ रुपयांना पडू शकतं.

दुसरं खातं घेण्याचं एक चांगलं कारण मात्र आहे आणि ते करांचं. डीमॅटमधल्या शेअरवर भांडवली नफा काढताना आधी आलेला शेअर आधी विकला असं धरतात, आणि हे प्रत्येक खात्यासाठी वेगळं मोजतात. एकाच खात्यात दहा वर्षांपूर्वीचे शेअर आहेत आणि त्याच कंपनीचे गेल्या महिन्यात घेतलेले थोडे शेअर विकायचेत, तर कागदोपत्री दहा वर्षांपूर्वीचे जातात आणि मोठा नफा कराच्या कक्षेत येतो. दीर्घ मुदतीचे एका खात्यात आणि अधूनमधून घेऊन विकायचे दुसऱ्यात, अशी विभागणी केली तर ही गुंतागुंत टळते. साडेतीनशे रुपये इथे सत्कारणी लागतात.

डीपी चार्ज

या शुल्काबद्दल जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कशाबद्दल नसतील, म्हणून थोडं सावकाश.

शेअर विकले की ते तुमच्या डीमॅटमधून बाहेर जातात, आणि त्या बाहेर जाण्याचं हे शुल्क. खरेदीवर ते नाही. सीडीएसएल ही डिपॉझिटरी एका नोंदीचे साडेतीन रुपये घेते, पहिली खातेदार महिला असेल तर २५ पैसे कमी. त्यावर ब्रोकर स्वतःचा भाग चढवतो. झिरोधाकडे ३.५० अधिक ९.५० अधिक जीएसटी मिळून १५ रुपये ३४ पैसे होतात. काही ठिकाणी २० अधिक जीएसटी, म्हणजे २३ रुपये ६० पैसे लागतात.

हे शुल्क एका कंपनीला एका दिवसासाठी लागतं. किती शेअर विकले, किती ऑर्डरींत विकले, याचा संबंध नाही. एका कंपनीचे शंभर शेअर सकाळपासून चार तुकड्यांत विकले तरी १५.३४ एकदाच. तेच शंभर शेअर सोमवार ते गुरुवार रोज पंचवीस असे विकले तर चारदा, ६१ रुपये ३६ पैसे. पाच कंपन्यांचा एकेक शेअर एका दिवशी विकला तर पाचदा.

छोट्या रकमेत हे बोचतं. पंधराशे रुपयांचे शेअर विकले तर सरळ एक टक्का गेला, तोही कॉन्ट्रॅक्ट नोटवर न दिसता. दहा-बारा कंपन्यांचे दोन-तीन हजारांचे तुकडे जमवणाऱ्याला ब्रोकरेज शून्य असूनही बाहेर पडताना दीडशे-दोनशे रुपये पडतात. वर्षात चाळीस वेळा विकणारा असेल तर १५.३४ च्या दराने ६१४ रुपये आणि २३.६० च्या दराने ९४४. वारंवार विकणाऱ्याने तुलना करताना ब्रोकरेजच्या आधी हा आकडा बघावा.

विक्रीची परवानगी: टीपिन की डीडीपीआय

ब्रोकरच्या सेवेतली सगळ्यात जास्त तक्रारींची जागा हीच. डीमॅटमधले शेअर विकायचे तर दर वेळी सीडीएसएलच्या पानावर टीपिन हा गुप्त क्रमांक आणि ओटीपी टाकून परवानगी द्यायची, किंवा एकदाच डीडीपीआय, म्हणजे ब्रोकरला ठरावीक कामांपुरती परवानगी देणारा कागद, सही करून द्यायचा. डीडीपीआय २०२२ मध्ये आला, जुन्या मुखत्यारपत्राच्या जागी. त्यामागचं कारण सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने कार्वी स्टॉक ब्रोकिंगविरुद्ध आदेश काढला, ग्राहकांचे शेअर त्यांच्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून गहाण टाकल्याबद्दल. जुनं मुखत्यारपत्र फार मोकळं होतं. डीडीपीआयला चारच कामांची मुभा आहे: तुम्ही केलेल्या विक्रीचे शेअर पोचवणं, मार्जिनसाठी म्हणजे व्यवहाराच्या तारणासाठी प्लेज करणं, एक्सचेंजवरचे म्युच्युअल फंडाचे व्यवहार आणि ओपन ऑफर किंवा बायबॅकमध्ये शेअर देणं. त्यापलीकडे ब्रोकर हात लावू शकत नाही.

चूक कुठे होते, तर जीटीटीमध्ये. जीटीटी म्हणजे "भाव इथवर आला की विक" अशी लावून ठेवलेली ऑर्डर. डीडीपीआय दिलेला नाही आणि त्या दिवशी टीपिनने परवानगीही दिलेली नाही, तर भाव येतो, जीटीटी सुरू होते आणि ऑर्डर नाकारली जाते. माणूस संध्याकाळी ॲप उघडतो तेव्हा भाव परत खाली आलेला असतो. ज्यांना नोकरीच्या वेळेत मोबाइल बघता येत नाही त्यांनी जीटीटी वापरायची असेल तर डीडीपीआय द्यावाच. त्याचं शुल्क एकदाच लागतं, झिरोधाकडे १०० अधिक जीएसटी. आणि बोनस, स्प्लिट असं काही झालं की जीटीटी बहुधा रद्द होते. ती पुन्हा लावावी लागते.

ऑर्डरच्या पडद्यावरचं ते छोटं बटण

खरेदीच्या पडद्यावर डिलिव्हरी, इंट्राडे आणि एमटीएफ असे पर्याय असतात. काही ॲपमध्ये डिलिव्हरीचं नाव सीएनसी आणि इंट्राडेचं एमआयएस. घाईत इंट्राडे दाबलं गेलं की शेअर तुमच्याकडे राहतच नाहीत. दुपारी तीननंतर, बाजार साडेतीनला बंद व्हायच्या आधी, ब्रोकर ते आपोआप विकून टाकतो आणि त्या कामाचे ५० अधिक जीएसटी, म्हणजे ५९ रुपये, बऱ्याच ठिकाणी घेतो. लक्षात आलं तर घाबरू नका. पोझिशनच्या पानावर "कन्व्हर्ट" असतं. पूर्ण पैसे खात्यात असतील तर त्याची डिलिव्हरी करून घेता येते, फक्त आपोआप विक्रीच्या वेळेआधी.

एमटीएफ जास्त धोक्याचं. "कमी पैशात चारपट घ्या" असं लिहिलेलं हे बटण म्हणजे कर्ज. दिवसाला ०.०४ टक्के व्याज ऐकायला नगण्य वाटतं, पण वर्षाला १४.६ टक्के होतं. एक लाख उधारीवर रोजचे ४० रुपये, महिन्याचे १,२००. सुट्टीच्या दिवशीही. त्यात शेअर प्लेज होतात, त्याचं आणि सोडवण्याचं शुल्क वेगळं, आणि डिलिव्हरीवर शून्य ब्रोकरेज असणाऱ्याकडेही एमटीएफच्या ऑर्डरीवर ब्रोकरेज असू शकतं. ब्रोकरांची तुलना करताना मी ॲप उघडून एकच बघायला सांगेन: खरेदीचा पडदा उघडल्यावर आधीपासून निवडलेला पर्याय कोणता? तिथे डिलिव्हरी असेल तर ठीक. एमटीएफ असेल तर त्या ब्रोकरला तुमच्या ब्रोकरेजपेक्षा व्याजात जास्त रस आहे.

उणे लेजर हाही असाच बारीक प्रकार. तुम्ही खात्यातले सगळे पैसे काढून घेता, नंतर डीपी चार्ज किंवा एएमसी कापली जाते, लेजर उणे ८८ रुपये होतं. त्यावर दिवसाला ०.०५ टक्के, म्हणजे वर्षाला १८ टक्के व्याज लागू शकतं. रक्कम किरकोळ असते, पण खातं बंद करायला गेलात की हेच आडवं येतं. म्हणून शंभर-दोनशे रुपये राहू द्यावेत.

पैसे आत, पैसे बाहेर

यूपीआयने पैसे भरले तर शुल्क नाही. नेटबँकिंगच्या पेमेंट गेटवेने भरले तर काही ठिकाणी ९ अधिक जीएसटी, म्हणजे दर वेळी १० रुपये ६२ पैसे. महिन्यातून दोनदा भरणाऱ्याचे वर्षाला अडीचशे होतात, एएमसीच्या जवळपास. पैसे भरताना खोट्या ॲपचा धोकाही मोठा आहे. त्यावर आता चांगला उपाय आलाय: सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकरच्या यूपीआय पत्त्यात "बीआरके" ही अक्षरं आणि ॲट चिन्हानंतर "व्हॅलिड" हा शब्द असतो. कुणाच्या वैयक्तिक नावाच्या यूपीआयवर पैसे मागितले तर तो ब्रोकर नव्हे.

न वापरलेले पैसे ब्रोकरला स्वतःकडे कायम ठेवता येत नाहीत. तुम्ही निवडलं असेल त्याप्रमाणे महिन्याला किंवा तिमाहीला, पहिल्या शुक्रवारी किंवा शनिवारी, ते बँकेत परत पाठवावे लागतात. अचानक पैसे बँकेत आले आणि ट्रेडिंग खातं रिकामं दिसलं म्हणून लोक घाबरतात. तो हा नियम आहे. सोमवारी लागणारी जीटीटीची खरेदी मात्र त्यामुळे पैशांअभावी अडकू शकते.

बँकेच्या थ्री-इन-वन, म्हणजे बचत, ट्रेडिंग आणि डीमॅट एकत्र असलेल्या, खात्याचा खरा फायदा इथे आहे: पैसे बचत खात्यात राहतात, ऑर्डरपुरतेच अडवले जातात. ज्येष्ठांना हे सोयीचं वाटतं आणि ते रास्त आहे. त्यासाठी ०.५ टक्का देण्याची मात्र गरज नाही. यूपीआयमध्येही तसेच पैसे अडवून ठेवण्याची सोय आलीय आणि मोठ्या ब्रोकरांना १ फेब्रुवारी २०२५ पासून ती किंवा थ्री-इन-वन द्यावीच लागते.

गावातल्या माणसाकडे, ज्याला आपण अजून सबब्रोकर म्हणतो, खातं असेल तर त्याचं अधिकृत नाव आता ऑथोराइज्ड पर्सन. तो मराठीत बोलतो, फॉर्म भरून देतो, वारसाच्या नावावर शेअर करायचे किंवा जुनी कागदी प्रमाणपत्रं डीमॅट करायची तर धावपळ करतो. ही सेवा खरी आहे आणि तिचे पैसे देण्यात गैर काही नाही. त्याच्याशी दर ठरवता येतो, फक्त ठरलेला दर ईमेलवर घ्या. रोख रक्कम किंवा त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात पैसे कधीही देऊ नका, आणि "तुमच्यासाठी मी व्यवहार बघतो" म्हणाला तर ओटीपी सांगू नका.

पूर्ण सेवेच्या ब्रोकरकडे सगळ्यात महाग गोष्ट शेअर नसतातच. ती असते म्युच्युअल फंडाची रेग्युलर, म्हणजे विकणाऱ्याचं कमिशन धरलेली, योजना. डायरेक्ट योजना जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत आणि बऱ्याच इक्विटी फंडांत दोन्हींच्या खर्चात अर्धा ते एक टक्क्याचा फरक असतो, तोही दर वर्षी, सगळ्या जमा रकमेवर. दहा लाखांवर एक टक्का म्हणजे १०,००० रुपये. वर ज्या ३५४ रुपयांची इतकी चर्चा केली ते यापुढे काहीच नाहीत. योजनेच्या नावात "डायरेक्ट" हा शब्द आहे का, एवढं आजच बघा.

तपासणी, तक्रार आणि सोडून जाणं

ॲपमध्ये दिसतात ते शेअर डीमॅटमध्ये आहेत का, हे ब्रोकरला न विचारता कळतं. सीडीएसएलची "ईझी" ही स्वतंत्र लॉगइन सेवा फुकट आहे. वर्षातून दोनदा तरी तिथले आकडे ॲपशी ताडून बघा. जानेवारी २०२३ च्या अखेरीपासून व्यवहारानंतर पुढच्याच कामकाजाच्या दिवशी शेअर खात्यात येतात, त्यामुळे "अजून जमा व्हायचेत" हे कारण आठवडाभर चालू शकत नाही.

तक्रार आधी ब्रोकरकडे ईमेलने, तिकीट क्रमांक घेऊन. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून कामाचं नसतं. तिथे दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर. ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानेही समाधान झालं नाही तर स्मार्ट ओडीआर, म्हणजे ऑनलाइन तंटा सोडवण्याची सोय. लेजरमधली नोंद, तिची तारीख आणि दरपत्रकाचा त्या दिवशीचा स्क्रीनशॉट असं जोडलं की शुल्काच्या तक्रारीला धार येते. खातं उघडाल त्या दिवशीच दरपत्रकाची पीडीएफ जपून ठेवा. एनएसई आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक ब्रोकरविरुद्धच्या तक्रारींची संख्या आणि त्याचे सक्रिय ग्राहक दोन्ही देते. नुसती संख्या बघू नका, ग्राहकांनी भागा, नाहीतर मोठा ब्रोकर उगाच वाईट दिसतो.

ब्रोकर बदलताना "क्लोजर कम ट्रान्सफर" असा अर्ज करा. जुनं डीमॅट बंद करून शेअर तुमच्याच नावाच्या नव्या डीमॅटमध्ये पाठवायला शुल्क लागत नाही, मात्र दोन्हीकडे खातेदार आणि त्यांचा क्रम तोच हवा. नव्या ब्रोकरचा क्लायंट मास्टर रिपोर्ट जोडावा लागतो, त्यावर १६ अंकी खाते क्रमांक असतो. आधी प्लेज सोडवा, उणे लेजर भरा, जीटीटी आणि एसआयपी काढून टाका. यातलं एक राहिलं तरी अर्ज परत येतो. हे हस्तांतर विक्री नसल्यामुळे त्यावर कर नाही. शेअर पोचतात, पण खरेदीचा भाव आणि तारीख सोबत जात नाही. नव्या ॲपमध्ये ते हाताने भरावे लागतात. म्हणून बंद करण्याच्या अर्जावर सही करण्याआधी जुन्या खात्यातून पहिल्या दिवसापासूनची ट्रेडबुक म्हणजे व्यवहारांची यादी, प्रत्येक आर्थिक वर्षाचा कर-अहवाल आणि पूर्ण लेजर उतरवून घ्या. लॉगइन बंद झाल्यावर तीच कागदपत्रं ईमेल करकरून मागावी लागतात.